कागदावरचा भाऊ

"स्पीकर लाव," बारीकराव म्हणाले.

भावजयीने फोन ओट्यावर ठेवला आणि गॅस बंद केला. पलीकडून पार्टनरचा आवाज आला. पार्टनर म्हणजे बारीकरावांच्या धाकट्या भावाचा परदेशातला खोलीसोबती. धाकटा वेल्डर, हा क्रेनवर. एका खोलीत, एकावर एक रचलेल्या दोन खाटांवर दोघांनी तिकडे आयुष्य काढलं होतं. आता खालची खाट रिकामी झाली होती. धाकटा कामावर असतानाच छाती धरून बसला आणि पुन्हा उठला नाही, त्याला महिना होत आला होता.

"वहिनी, नीट ऐका," पार्टनर सांगत होता. "बँकेला अजून काही माहीत नाही. माणूस गेला हे त्यांना कळलं की इथे खात्याला कुलूप लागतं. मग कोर्ट, वकील, किती काळ जाईल सांगता येत नाही. त्याचं कार्ड माझ्याकडे आहे, नंबरही मला माहीत आहे. त्याची ड्युटी असली की तुम्हाला पैसे मीच तर पाठवायचो. तसंच थोडं थोडं काढून पाठवत राहतो. फक्त कुणी कुठे बोलू नका."

"कुणी म्हणजे कोण?" बारीकरावांनी विचारलं.

"दादा आहेत का तिथे? नमस्कार, दादा."

"नमस्कार राहू दे. काढणार किती, पाठवणार किती, हे बघणार कोण?"

"असं काय बोलता, दादा. मी त्याचा भाऊच आहे."

"भाऊ मी आहे," बारीकराव म्हणाले.

बारीकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते होते चांगले आडव्या अंगाचे. हे नाव त्यांना ठेवलं ट्रक ड्रायव्हरांनी. सगळी नोकरी त्यांनी एका कारखान्याच्या वजनकाट्यावर केली. मालाने भरलेली गाडी काट्यावर चढली की इतर कारकून खिडकीतून आकडा वाचायचे आणि पावती फाडायचे. बारीकराव खुर्चीतून उठून खाली यायचे, केबिनचं दार उघडायचे आणि सीटमागे वजन वाढवायला कोणी आडवं झोपलंय का ते बघायचे. कधीकधी खरोखरच कोणीतरी झोपलेलं निघायचं. पाण्याची पिंपं निघायची, दगड निघायचे. त्यामुळे झालं असं, की ज्या गाडीत काही निघालं नाही त्या गाडीत आपल्याला ते सापडलं नाही, एवढंच त्यांना वाटायचं.

ही नजर काट्यापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. पण लग्नासाठी मुली बघायला गेले, तर प्रत्येकीच्या घरच्यांनी काहीतरी झाकून ठेवलंय अशी त्यांची खात्री पटली, आणि ते तसेच राहिले. आईवडील लवकर गेले. धाकट्याला त्यांनी वाढवलं, शिकवलं, परदेशी पाठवतानाही त्या एजंटच्या ऑफिसात इतक्या खेपा घातल्या की एजंट त्यांना बघून मागच्या दाराने जायचा. धाकटा हसायचा. म्हणायचा, "दादा, मी मेलो तरी तू आधी नाडी बघशील."

झालंही तसंच. शवपेटी आली तेव्हा बारीकरावांनी झाकण उघडायला लावलं. आत दुसरंच कोणी असलं तर? भावजयीला ते बघवलं नाही, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आत धाकटाच होता. मग बारीकराव असे रडले की त्यांना धरायला लोक लागले.

तर अशा माणसाला पार्टनरचा शब्द पुरेल, हे शक्यच नव्हतं.

भावजय हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. तिच्या पगारात घर चालत होतं; पण मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, त्याची फी त्या पगारातून निघणार नव्हती. ती धाकट्याने कबूल केली होती. तिकडच्या बँकेत त्याने सगळं साठवलं होतं ते याचसाठी. त्यामुळे पार्टनरने पहिली रक्कम पाठवली तेव्हा भावजयीने कॉलेजात जाऊन पहिला हप्ता भरला आणि येताना मुलीसाठी पांढरे बूट आणले.

बारीकरावांनी बूट पाहिले. चांगले आहेत म्हणाले. मग म्हणाले, "त्याला मशीनची पावती पाठवायला सांग."

"कशाला, भाऊजी?"

"पावती असते ना? मग पाठवायला काय जातंय?"

पार्टनरने पावतीचा फोटो पाठवला. बारीकरावांनी तो पुतणीच्या फोनवर मोठा करून घेतला. काढलेली रक्कम स्वच्छ दिसत होती. तिच्याखाली, शिल्लक जिथे लिहिलेली असते तिथे, पार्टनरचा अंगठा होता.

"बघितलंस?" बारीकराव म्हणाले.

"काका, कागद धरायला अंगठा लागतोच," पुतणी म्हणाली.

"धरायला दुसरा कोपरा नव्हता त्याला?"

पुतणीने आईकडे पाहिलं. आई लाँड्रीतून आणलेल्या जुन्या चादरीला टीप घालत होती. ती म्हणाली, "दुसरा फोटो मागवते. त्यात काय एवढं." पण तिला विचारायचा संकोच वाटत होता. जो माणूस शवागारापासून विमानापर्यंत आपल्या नवऱ्याच्या पेटीबरोबर फिरला, त्याला अंगठा काढ म्हणून कसं सांगायचं? आज विचारते, उद्या विचारते असं करत तिने ते टाळलं. तिने टाळलं म्हणून बारीकरावांचा संशय आणखी बळावला. ही भोळी आहे, आणि भोळ्या माणसाच्या घरावरच लोकांचा डोळा असतो.

शेवटी ते एकटेच टायपिंगच्या दुकानात गेले. धाकट्याच्या जुन्या पासबुकावरून बँकेचा पत्ता काढला आणि ईमेल लिहून घेतला : आमच्या बंधूंचे निधन झाले आहे, सोबत दाखला जोडला आहे, तरी सदर खात्यातून कोणासही पैसे काढू देऊ नयेत. त्याचं इंग्रजी करण्याआधी टायपिंगवाल्याने तो त्यांना दोनदा वाचून दाखवला. 'कोणासही' हा शब्द बारीकरावांना फार आवडला.

त्याच आठवड्यात पार्टनरचा फोन आला. तो घाबरलेला होता. मशीनने कार्ड गिळलं, आणि चौकशीला आत गेला तर बँकेतल्या माणसाने त्याला बसवून ठेवून तू कोण, हे कार्ड तुझ्याकडे कसं, असं उलटसुलट विचारलं. सोडलं कसंबसं. "वहिनी, त्यांना कुणीतरी कळवलंय. खातं बंद झालं. कुणी कळवलं असेल?"

"मी," बारीकराव म्हणाले. आवाजात थोडी ऐटच होती. फोन बंद झाल्यावर ते भावजयीला म्हणाले, "आता पैसा सुरक्षित झाला बघ. कुणाला हात लावता येणार नाही."

"आपल्यालाही," भावजय म्हणाली.

तिने एवढंच म्हटलं. बारीकरावांना वाटलं, तिला अजून समजलेलं नाही, समजेल.

मग कोर्टाचं सुरू झालं. वकिलातीने तिकडचा एक वकील सुचवला. वारसाचा दाखला इथून काढून, भाषांतर करून, त्यावर शिक्क्यांवर शिक्के घेऊन तिकडे पाठवायचा होता. भावजयीने त्यासाठी किती रजा घेतल्या, कुठल्या कुठल्या खिडक्यांपुढे उभी राहिली, ते तिलाच माहीत. कॉलेजचा दुसरा हप्ता थकला. कॉलेजने मुलीला वर्गात बसू दिलं, परीक्षेचं मात्र नंतर बघू म्हणाले.

शेवटी वकिलाचा निरोप आला. पुतणीने तो मोठ्याने वाचून अर्थ सांगितला. तिकडच्या कायद्याप्रमाणे, गेलेल्या माणसाला मुलगा नसेल तर बायकोचा आणि मुलीचा वाटा काढून उरलेलं त्याच्या भावांना जातं. भावांनी हक्क सोडल्याचं लिहून दिलं तर सगळं मायलेकींना मिळेल. तरी मयताच्या दोन्ही भावांनी सहीचे कागद पाठवावेत.

"दोन्ही?" बारीकराव उभे राहिले. "दुसरा कोण उपटला?"

दुसरा पार्टनर होता. शवागाराच्या नोंदीत प्रेत ताब्यात घेणाऱ्याचं नातं 'भाऊ' असं लिहिलेलं होतं, आणि तो कागद फिरत फिरत कोर्टाच्या फायलीत जाऊन बसला होता.

"आलं ना बाहेर?" बारीकराव म्हणाले. "पहिल्या दिवसापासून सांगतोय. भाऊच आहे की, म्हणाला होता. वाट्याला बसायचं होतं त्याला."

भावजयीने फोन लावला, पण या वेळी स्पीकर लावला नाही. पार्टनरचं बोलणं ऐकून घेतलं, हं हं म्हणाली, आणि फोन ठेवून बारीकरावांना सांगितलं, "तिथे बाहेरच्या माणसाला प्रेत देत नाहीत. नातं काय म्हणून विचारलं, तर ते म्हणाले भाऊ. या दोघांना एकमेकांना भाऊ म्हणायची सवयच होती. दुसरं काय म्हणणार होते? आता नाव काढायचं तर वेगळा अर्ज, वेगळी तारीख. वकील म्हणाला, त्यापेक्षा भाऊ म्हणूनच हक्क सोडून द्या. उद्या सही करतायत."

"करतोय का बघू," बारीकराव म्हणाले.

पार्टनरने सही केली. त्याचा कागद पोचल्याचं वकिलाने कळवलंसुद्धा. बारीकरावांचा कागद मात्र त्यांच्या टेबलावरच होता. सही करून द्यायचं त्यांच्या मनात पक्कं होतं. धाकट्याच्या पैशातला छदाम त्यांना नको होता, आणि हे इतकं उघड होतं की बोलून दाखवावं असंही त्यांना कधी वाटलं नाही. पण कागद तिकडच्या वकिलाने केलेला. त्यात 'सर्व मालमत्ता' असं लिहिलं होतं. सर्व म्हणजे कुठली? आपली राहती खोली तर यात गुंडाळली जात नाही ना? कोर्टातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या माणसाला त्यांनी कागद दाखवला. तो म्हणाला, बिनधास्त सही करा. इतक्या चटकन म्हणाला, म्हणून ते आणखी एकाकडे गेले. तो गावाला गेला होता. ते त्याची वाट बघत बसले.

एका संध्याकाळी लाँड्रीतून परस्पर भावजय त्यांच्या खोलीवर आली. दारातच उभी राहिली. ये, बस म्हटलं तरी बसली नाही.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही बँकेला कळवलंत, तेव्हा तुमचा वाटा निघतो हे तुम्हाला ठाऊक होतं?"

बारीकरावांना आधी हसू आलं. मग तिचं तोंड बघून ते थांबले. "हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात? त्याने?"

"ते एका शब्दाने बोलले नाहीत. सही करून मोकळे झाले. तुमचीच राहिलीय."

"अगं, मी लहानाचा मोठा केला त्याला. माझ्या पगारातून त्याची—"

"ते मला माहितीये. मी दुसरं विचारलं."

"मला कसं ठाऊक असणार? मला तिकडचं काय कळतं? मी तुमच्याचसाठी केलं ते. मला काय करायचाय पैसा? मला मूल नाही, बाळ नाही. तू विचार कोणालाही. मी आजवर कुणाचा—"

ते बोलतच राहिले. आणि बोलता बोलता त्यांना आठवलं, की काट्यावर पकडलेला ड्रायव्हर असाच बोलायचा. मुलाबाळांवर यायचा, आजवरचं सगळं सांगायचा. जो जास्त बोलतो त्याच्या गाडीत काहीतरी आहे, असा त्यांचा हिशोब असे. भावजय त्यांच्याकडे नुसती बघत होती. या नजरेने आपण किती माणसांकडे बघितलंय, आणि त्यातली किती खरं बोलत असतील, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला. त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

"उद्या करतो सही," ते म्हणाले.

"मी येते बरोबर," ती म्हणाली.

नोटरीचं ऑफिस म्हणजे एक अरुंद खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. बारीकराव एका खुर्चीत बसले, भावजय दुसरीत. तिने कागद आधी स्वतःपुढे ओढले आणि ओळीखाली बोट फिरवत वाचले. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचले. नोटरीचा कारकून घड्याळाकडे बघत होता. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"साक्षीदार तुम्ही का?" कारकुनाने तिला विचारलं. "सही करणाऱ्याशी तुमचं नातं?"

बारीकराव तिच्याकडे पाहू लागले. भाऊजी, मोठे दीर, काहीही म्हणाली असती तरी चाललं असतं.

"कागदात लिहिलंय तेच," ती म्हणाली.

कारकुनाने वाकून कागदातलं 'मयताचा भाऊ' वाचलं आणि तेच लिहून घेतलं.

बारीकरावांनी सह्या केल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी न वाचता सह्या केल्या. त्यामुळे शेवटच्या पानावर चूक झाली. नोटरीच्या जागी त्यांनीच सही ठोकली. कारकुनाने चक् केलं, दुसरं पान काढलं, आणि त्यांनी पुन्हा सही केली. शिक्के बसले. बिघडलेलं पान टेबलावरच होतं. आपली सही अशी कुठे पडू द्यायची नाही, म्हणून बारीकरावांनी ते घडी करून खिशात ठेवलं.

भावजयीने सगळी पानं मोजून पाकिटात घातली आणि पाकीट बंद केलं. पण ती उठली नाही. तिने हात पुढे केला.

"तेही द्या," ती म्हणाली.

बारीकरावांनी खिशातून कागद काढला, त्याची घडी उलगडली आणि तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही बाजूंनी नीट बघितला आणि पर्समध्ये ठेवला.