जास्तीचा अ

पेंटरचा हात वळणदार, पण शुद्धलेखनाशी त्याचा उभा दावा. लग्न होऊन वहिनी घरात आल्या तेव्हा तो चौथीत होता. तेव्हापासून त्यांनी त्याची एकही चूक पोटात घातली नव्हती. बाजारात त्याने रंगवलेल्या पाट्या त्या येता-जाता तपासत. "भावजी, डेअरीच्या पाटीवर 'दूध' ऱ्हस्व केलंत. त्यानं आधीच पाणी घातलंय, तुम्ही आणखी पातळ करू नका!"

अशा या वहिनी चौतीस वर्षांनी वाचनालयातून निवृत्त झाल्या. कमिटीने त्यांच्या नावाची पाटी लावायची ठरवली. अध्यक्षांनी मजकूर दिला: वहिनींचं नाव आणि खाली 'भूतपूर्व ग्रंथपाल'. पेंटरने तो कौतुकाने घरी दाखवला, तर वहिनींचा चेहराच उतरला.

"म्हणजे भूत केलं मला."

"अहो, भूत म्हणजे होऊन गेलेलं. भूतकाळ तुम्हीच शिकवलात की मला!"

"आता मलाच शिकवा! भूत म्हणजे जीवसुद्धा. भूतदया म्हणजे काय हडळीची कीव? पंचमहाभूतांतलं पाणी रोज पितो, कुणाला झपाटत नाही. अर्थ सगळे ठाऊक आहेत मला." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण परवा वाचनालयात गेले, तर नवी मुलगी विचारते, 'आपलं काय काम आहे?' माझ्याच टेबलापाशी, भावजी! भुताला निदान लोक घाबरतात तरी. पाटी लावा खुशाल. मी त्या दिवशीही येणार नाही आणि नंतरही तिथं पाऊल टाकणार नाही."

वाचनालय सुटलं तर वहिनी महिनाभरात खचतील, हे पेंटरला दिसत होतं. तो अध्यक्षांकडे गेला. "साहेब, नुसतं 'माजी' लिहू का?"

"छे! माज आल्यासारखं वाटतं. भारदस्त शब्द हवा."

दोन दिवस तो शब्द पेंटरच्या मानगुटीवर बसून होता. तिसऱ्या दिवशी त्याने पाटी रंगवली आणि वहिनींच्या कानावर घातलं, "पाटीत काहीतरी चुकलंय वाटतं."

चूक म्हटल्यावर वहिनी घरात बसतात होय! समारंभाच्या दिवशी चष्मा घेऊन त्या सगळ्यांच्या आधी वाचनालयात हजर.

पडदा सरला. 'अभूतपूर्व ग्रंथपाल'.

"अहो पेंटर!" अध्यक्ष ओरडले. "हा 'अ' कुठून आला? याचा अर्थ, पूर्वी असा ग्रंथपाल कधी झालाच नाही!"

"माझं शुद्धलेखन जन्माचं कच्चं, साहेब. वहिनींनाच विचारा."

सगळ्यांच्या माना वहिनींकडे वळल्या. त्यांनी पाटी एकदा वाचली. चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"चूक आहेच," त्या म्हणाल्या.

पेंटरने टर्पेंटाइनचा बोळा उचलला. "पुसू?"

"राहू द्या, भावजी. उद्या आले की बघू."