सत्तावीस नंबरचं कार्ड

रोह्याला हायस्कूलच्या फाटकासमोर गिरजाबाईंचं दुकान होतं. वह्या, पेन्सिली, गोळ्या, शेंगदाण्याची चिक्की, आणि घरातून कोणी धाडलं तर साखर-चहापत्तीही मिळायची. वर्ल्डकपच्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, त्यात पिवळ्या पाकिटांची भर पडली. रुपयाला एक पाकीट. आत एक चिंगम आणि क्रिकेटच्या खेळाडूंची दोन कार्डं. कार्डांवर एक ते चाळीस नंबर, आणि चाळीसच्या चाळीस लावून अल्बम भरला तर कंपनी पोस्टानं खरी बॅट पाठवणार, असं खोक्यावर छापलेलं होतं.

मधल्या सुट्टीत पोरं नुसती तुटून पडायची. गिरजाबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरांना खाऊ लागतो, त्याच्याबरोबर चित्र मिळतं, एवढाच त्यांचा हिशेब.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी नमिता दुकानात आली. ही पतपेढीत कारकून होती, नवरा धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा, आणि एकुलती मुलगी पिंकी समोरच्या शाळेत सातवीत होती. नमिता तशी कमी बोलणारी. साखर न्यायला आली तरी दोन वाक्यांत काम उरकायची. त्या दिवशी मात्र पायरीवरूनच म्हणाली, "मावशी, तुमच्या दुकानात जुगार चालतो."

दुकानात तेव्हा तीन गिऱ्हाइकं होती. तिन्ही वळून बघू लागली.

"कसला जुगार गो?"

"ही पाकिटं. पिंकीनं महिन्याच्या एसटी पासाचे पैसे ह्यात घातले. क्लासला आठ दिवस चालत जात होती. काल पाय सुजले तेव्हा कळलं. एक नंबर येत नाही म्हणून फोडत सुटली आहे."

"जुगारात हातात काय येत नाय," गिरजाबाई म्हणाल्या. "इथं रुपया दिला की चिंगम मिळतं, दोन कार्डं मिळतात. रिकाम्या हातानं कोण जात नाय माझ्या दुकानातून."

"मग चिंगम खातं कोण ते एकदा बघा," नमिता म्हणाली आणि काही न घेता निघून गेली.

जुगार हा शब्द दुसऱ्या कोणा दुकानदाराला एवढा लागला नसता. बारा वर्षांपूर्वी गिरजाबाईंचा नवरा गुणाजी ह्याच दुकानात बसून मटक्याच्या चिठ्ठ्या लिहायचा. लिहिता लिहिता स्वतःही खेळायचा. एकदा पोलिसांनी उचलून नेला. गिरजाबाई दोन दिवस चौकीवर भाकरी घेऊन गेल्या, आणि तो सुटून आला त्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकांचं बाकडं उचलून रस्त्यावर ठेवलं. म्हणाल्या, ह्या दुकानात एक तर चिठ्ठ्या राहतील नाहीतर मी. गुणाजीनं चिठ्ठ्या सोडल्या. तेव्हापासून दुकान त्यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं, आणि गल्लीत कोणी त्या दिवसांचा विषय काढत नसे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मुद्दाम लक्ष ठेवलं. पोरं पाकीट फाडत होती, कार्डं उलटून नंबर बघत होती आणि लगेच पुढचा रुपया पुढे करत होती. घंटा झाल्यावर त्या पायरी उतरून गटाराशी गेल्या. गटारात गुलाबी चिंगमं पडली होती. कागदही न काढलेली. त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि वीसच्या पुढे सोडून दिली.

घरी जेवताना त्यांनी गुणाजीला विचारलं, "अवो, ह्या पाकिटांना जुगार म्हणता येईल का? तुम्ही सांगा. तुम्हाला ठावं."

गुणाजी दुपारी तासभर दुकानात बसायचा. तो भाताचा घास मोडत म्हणाला, "मी कधी ती पाकिटं हातानं दिली का?"

गिरजाबाई आठवू लागल्या. खरंच नव्हती दिली. तो पोरांना सांगायचा, बरणीतून तुमची तुम्ही घ्या. त्यांना वाटायचं आळस आहे.

"पोलीस काय धरणार नाय कोणाला," गुणाजी म्हणाला. "कायद्यात काय बसतं ते मना नाय सांगता येणार. पण मटक्यावाला पैशासाठी खेळतो असं लोकांना वाटतं. पहिले चार दिवस खेळतो. मंग आकडा फुटायच्या आधीचा जो वेळ असतो ना, त्याच्यासाठी खेळतो. आकडा लागला तरी ते पैसे घरी येत नायत. ती पोरं कार्ड मिळालं की बघत पण नायत. दुसरं पाकीट हातात घेतात."

"तुम्हाला सगळीकडं मटकाच दिसतो."

"व्हय, दिसतो," गुणाजी म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

गिरजाबाईंना ते पटलं नाही. पोरीला एक नंबर हवा आहे, तो मिळाला की विषय मिटला, असं त्यांचं म्हणणं. पिंकीचा अल्बम त्यांनी पाहिला होता. सत्तावीस नंबर सोडला तर भरलेला होता. पन्नास पाकिटांचा खोका, म्हणजे शंभर कार्डं. नंबर चाळीस. त्यात एक तरी सत्तावीस निघेलच. तो काढून पोरीला फुकट द्यायचा, आणि नमिताला म्हणायचं, घे, झाला तुझा जुगार.

रविवारी दुपारी तीनला दुकानाची अर्धी फळी लावून त्या आत खाली बसल्या आणि नवा खोका फोडला. सुरुवातीला रीतसर काम चाललं होतं. चिंगम एका डब्यात, कागद पोत्यात, कार्डं नंबराप्रमाणे लावलेली. नऊ नंबर आला, पुन्हा नऊ आला. बारा, चौतीस, नऊ. अठ्ठावीस आला तेव्हा क्षणभर तो सत्तावीसच वाटला, कारण दोनाचा आकडा आधी दिसला होता आणि अंगठ्याखाली पुढचा झाकला होता. त्यानंतर त्या कार्ड अंगठ्यानं झाकूनच बाहेर काढू लागल्या. हळूहळू सरकवायचं, आधी एक आकडा, मग दुसरा. बाकीची कार्डं लावायची त्या कधी थांबल्या ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

पन्नास पाकिटं संपली. सत्तावीस नव्हता. त्यांनी मागे हात घालून दुसरा खोका ओढला. ह्यात नक्की असणार, असं त्यांना वाटलं, आणि ते इतकं खरं वाटलं की कोणी विचारलं असतं तर त्यांनी शपथ घेतली असती.

दुसऱ्या खोक्यातली अकरा पाकिटं झाली तेव्हा फळीच्या फटीतून येणारा उजेड कमी झाला. मान वर केली तर गुणाजी उभा होता.

"किती वाजले?" त्यानं विचारलं.

"चार वाजले असतील."

"साडेपाच वाजून गेले. दाराशी दोन बाया हाका मारून गेल्या. मी पण मारली."

गिरजाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. कार्डं चटईभर पसरलेली होती. त्यातली निम्मी त्यांनी पाहिलीही नव्हती. हातात बारावं पाकीट होतं आणि त्याचं तोंड अर्धं फाडलेलं होतं. गुणाजीनं पोतं बाजूला सरकवलं. तो खाली बसला आणि कार्डं गोळा करू लागला. थोड्या वेळानं त्यांनी ते बारावं पाकीट त्याच्याकडे दिलं. त्यानं ते उघडलं नाही, तसंच खोक्यात टाकलं.

सोमवारी सकाळच्या एसटीनं त्या पेणला गेल्या. पाकिटं त्यांना दाजी नावाच्या घाऊक व्यापाऱ्याकडून मिळत. दाजी जुना माणूस, बोलायला मोकळा. त्यांनी न फोडलेले तीन खोके त्याच्यासमोर ठेवले आणि परत घ्या म्हणाल्या.

"का हो, खपत नाहीत?"

"खपतात. सत्तावीस नंबर कितव्या खोक्यात असतो ते सांगा आधी."

दाजी हसला. "ते कंपनी मला सांगत नाही. दहात एखादा असेल, नाहीतर विसात. प्रत्येक खोक्यात असता तर दुसरा खोका घ्यायला तुम्ही आला असतात का?"

"म्हणजे पोरांना ठावं नाय आणि तुम्हालाही ठावं नाय."

"लॉटरीचं तिकीट सरकारसुद्धा विकतं, गिरजाबाई. त्याला कोणी काही म्हणत नाही."

"ते विकत घेणारा बाप्या असतो. माझ्याकडं सातवीतली पोर येते."

दाजीनं तीन खोके कमी भावानं परत घेतले आणि तेवढ्याच्या वह्या दिल्या. कुरकुर केली, पण घेतले.

फोडलेली कार्डं उरलीच होती. गिरजाबाईंनी दुसऱ्या खोक्यातली उरलेली पाकिटं गुणाजीकडून फोडून घेतली, दुकानात एक सुतळी बांधली आणि कार्डं कपड्यांच्या चिमट्यांनी तिला लटकवली. आठ आण्याला एक, जो हवा तो नंबर बघून घ्या. पहिल्या दिवशी पोरांनी गर्दी केली. दोघातिघांनी आपले राहिलेले नंबर घेतले आणि खूश होऊन गेले. बाकीची नुसती बघत राहिली. प्रणित नावाचा एक पोरगा म्हणाला, "आजी, ह्यात काय मजा नाय. दिसतंय ना सगळं." चार दिवसांत गर्दी वळणावरच्या टपरीवर गेली. तिथे बंद पाकिटं मिळत होती.

पिंकी आली ती शाळा सुटल्यावर, एकटी. सुतळीवरचे नंबर तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचले.

"सत्तावीस नाही?"

"नाय. शंभर पाकिटं फोडली, नाय निघाला." गिरजाबाईंनी तिला काउंटरखालचं पोतं ओढून दाखवलं. पिवळ्या कागदांनी पाऊण भरलेलं. त्यांना वाटलं, एवढे कागद बघून तरी पोर घाबरेल.

पिंकी पोत्यात बघत राहिली. मग तिनं विचारलं, "शंभर? सगळी तुम्हीच फोडली?"

तिच्या आवाजात हेवा होता. गिरजाबाईंना तो स्पष्ट ऐकू आला. खोटं काहीतरी सांगायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"एकसष्ट मी फोडली. एकोणचाळीस काकांनी."

"कसं वाटलं?"

"लय बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "अडीच तास गेले ते कळले नायत. दारात हाका मारल्या त्या ऐकू आल्या नाय. म्हणून बंद केलं."

पिंकीनं मान हलवली, जणू हे तिला आधीपासून माहीत होतं. ती निघाली. टपरीच्या वळणावर ती कुठल्या बाजूला गेली ते दुकानातून दिसत नव्हतं, आणि गिरजाबाई बाहेर बघायला गेल्या नाहीत.

वर्ल्डकप संपला, परीक्षा आल्या. एप्रिलमध्ये नमिता साखर न्यायला आली. पिंकीनं टपरीवरून आणखी पाच पाकिटं घेतली होती, असं तिनं आपणहून सांगितलं. सत्तावीस काही मिळाला नाही. मग एके दिवशी पोरगी स्वतःच म्हणाली की पास तूच काढून दे, पैसे माझ्या हातात देऊ नकोस. अल्बम कपाटावर पडला आहे.

"बरं झालं," गिरजाबाई म्हणाल्या.

नमिता पिशवी धरून उभी राहिली. "मावशी, त्या दिवशी मी लोकांसमोर बोलले. तुमच्या घरातलं मला माहीत नव्हतं. नंतर कोणीतरी सांगितलं."

गिरजाबाईंनी तराजूत साखर ओतली आणि काटा थांबेपर्यंत वाट पाहिली. "बोललीस ते खरं होतं," त्या म्हणाल्या. "पण गिऱ्हाइकं जाईपर्यंत दोन मिनिटं थांबली असतीस तर मना तुझ्याशी मोकळेपणी भांडता आलं असतं."

नमिता हसली आणि पिशवीचं तोंड त्यांच्यापुढे उघडून धरलं.