निळी भिंत

बुरशी घालवायची तर घाई करून चालत नाही, हे मी माझ्या धाकट्या बहिणीला, इयामिदेला, सांगून सांगून थकले. फ्रीटाऊनचा पावसाळा सरता सरता आमच्या किसी नावाच्या भागातल्या घराघरांत भिंतींना मिशा फुटतात. त्यात लाजायचं काय? पण शनिवारी तिच्या लेकीला, एबुनला, मागणी घालायला विल्बरफोर्सच्या टेकडीवरची माणसं येणार होती, आणि बैठकीची अख्खी मागची भिंत काळी पडली होती.

"मोठ्या घरची माणसं आहेत ती, ताई," इयामिदे म्हणाली. "भिंत बघून म्हणतील, हिनं पोरगीही अशीच वाढवली असेल. मागणी न घालताच परत जातील."

"भिंतीशी लग्न लावतायत का ते? ऊठ, बादली आण."

आम्ही कपाट पुढे ओढलं, तोंडाला फडकी बांधली आणि ब्लीचच्या पाण्यानं भिंत खसाखसा घासली. कुजलेल्या उशा फेकून दिल्या. खिडक्या सताड उघडून कोळशाच्या दोन शेगड्या पेटवून ठेवल्या. संध्याकाळपर्यंत काळं गेलं, वास गेला, नुसते मातकट डाग उरले. मी म्हटलं, "डाग राहू देत. भिंत आतून अजून ओली आहे. चांगली उन्हं पडल्याशिवाय रंगाचं नाव काढू नकोस."

"बरं," ती म्हणाली. तिचं "बरं" मला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी मी फसले.

शनिवारी येऊन बघते तर भिंत निळीशार! बोट लावलं, बोट निळं झालं.

"दुकानदार म्हणाला, रात्रीत सुकेल," इयामिदे पुटपुटली.

"त्याच्या घरी सुकत असेल!"

आणखी चार शब्द सुनावणार होते, पण ती अर्धवट बांधलेला डोक्याचा रुमाल हातात धरून रडायलाच लागली. मग मी तो रुमाल नीट बांधून दिला. माझी बहीण आहे ती, काय करणार? खुर्च्या भिंतीपासून चांगल्या पुढे ओढल्या आणि पाहुण्यांच्या टकटकीची वाट बघत बसलो.

आमच्याकडच्या सगळ्या बायका एकाच हिरव्या कापडात होत्या, त्यांच्याकडच्या एकाच पिवळ्या कापडात. असं केलं की कोण कुणाकडचं ते विचारावं लागत नाही. मुलगा रीतीप्रमाणे घरीच थांबला होता. सगळ्यांत पुढे त्याची थोरली आत्या, आंटी रेजिना. तिनं मान डोलावली तरच ते घर हलतं, असं आम्ही ऐकून होतो.

त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्या माणसानं सुरुवात केली, "तुमच्या बागेत आम्हाला एक गुलाब दिसला. तोच न्यायला आलोय."

आमच्या बाजूनं बोलणारी मी. रीत अशी की खरी मुलगी आधी दाखवायची नाही. मी आमच्या म्हाताऱ्या मावशीला बाहेर आणलं. "हाच ना?"

"हा जरा जास्तच उमललाय!" तो म्हणाला आणि सगळे खो खो हसले. आंटी रेजिना तर इतकी हसली की खुर्ची मागे सरकवून आरामात भिंतीला टेकली.

तिला अडवायला मी हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

डोळे पुसायला ती पुढे वाकली तेव्हा चर्रकन आवाज झाला. तिच्या पिवळ्या पाठीवर निळा पट्टा उमटला होता. भिंतीवरचा रंग तेवढा निघून आला होता आणि खालचे डाग सगळ्यांसमोर उघडे पडले होते.

"ही भिंत कुणी रंगवली?" आंटी रेजिनानं विचारलं.

मीच रंगवली, असं मी सांगणार होते. तेवढ्यात इयामिदे उभी राहिली. "मी, आंटी. बुरशीचे डाग तुम्हाला दिसू नयेत म्हणून. ताई नको म्हणाली होती."

चूक कबूल करणं तिच्या स्वभावातच नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की तिथेच मिठी मारावीशी वाटली.

"ओल्या भिंतीवर तेलरंग?" आंटी म्हणाली. "डोकं फिरलंय का तुझं? आता मी काय अशी निळी बसू? नेसायला दे काहीतरी."

घरात कोरं म्हणावं असं एकच होतं, आमच्या हिरव्या कापडाचा उरलेला मोठा तुकडा. तो घेऊन ती आत गेली. त्यांचे पुरुष टोप्या चाचपायला लागले.

आंटी बाहेर आली ती डोक्यापासून पायापर्यंत हिरवी होऊन. आपली खुर्ची ओलांडून पुढे गेली आणि माझ्या नि इयामिदेच्या मध्ये येऊन बसली.

"आंटी, तुमची खुर्ची इकडे आहे," त्यांचा बोलणारा म्हणाला.

"कोण तुमची आंटी? डोळे फुटले काय? कापड बघ माझं."

"पण... आपण गुलाबासाठी आलोय ना?"

"आला असाल तर नीट मागा. आमची पोरगी काय रस्त्यावर पडली आहे? आणि आधी सांगा, तिला द्यायची खोली कोरडी आहे का? त्या टेकडीवर धुकं घरात घुसतं, माझ्या उशीलासुद्धा बुरशी येते. खरं बोल!"

तो बिचारा कपाळ पुसत म्हणाला, "कोरडी करू, आंटी. आधी घासू, मगच रंगवू."

आंटी रेजिनानं इयामिदेचा हात आपल्या हातात घेतला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मी आतलं दार उघडून एबुनला हाक मारली.