बाटली ठेवताना

लोहाच्या औषधाची बाटली सासूबाईंच्या हातात देऊन सून दोन पावलं मागं सरकली आणि ठकूच्या लाळेऱ्याची गाठ नीट करू लागली. गाठ नीटच होती.

सासूबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, बाटली उजेडात धरली आणि लेबल वाचलं. मापात रेघेपर्यंत औषध ओतताना पुन्हा वाचलं. ठकूनं तोंड वेडंवाकडं करत, निम्मं ओठांवरून चाटून का होईना, औषध घेतलं. मग बूच घट्ट लावून बाटली फळीवर ठेवताना सासूबाईंनी तिसऱ्यांदा वाचलं.

"गुरुवारी मी निघतेय," फळीकडे बघतच त्या म्हणाल्या.

"माहीत आहे, आई."

"महिनाभर तरी येणं होणार नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण. मग ही बाटली कोण उघडणार?"

"हे देतील की. कामावरून आल्यावर."

"बरं. तापाला सांगून ठेव मग, तो कामावरून येईपर्यंत थांब म्हणावं."

सून हसली नाही. तिनं माप उचललं आणि ते धुवायला घेतलं. धुऊन झाल्यावर परत धुतलं.

तीन आठवड्यांपूर्वी, भर सकाळी, ठकूला ताप आला होता. फळीवर तापाची दोन औषधं होती, एक पातळ, चमच्यानं द्यायचं. दुसरं थेंबांचं, त्याच्या चौपट कडक. दोन्ही खोक्यांवर तेच हसरं बाळ. सुनेनं लेबल वाचलं नव्हतं असं नाही. एका हातात रडणारी पोर, दुसऱ्या हातात बाटली, कानाला खांद्यानं धरलेला फोन, अशा अवस्थेत तिनं वाचलं आणि थेंबांच्या औषधाचा चमचाभर डोस पोरीच्या पोटात गेला. बाटली परत ठेवताना थेंबनळी दिसली तेव्हा तिनं पोरीला तसंच उचलून रिक्षा गाठली. दवाखान्यात सात तास ठेवून घेतलं. काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, एकदाच गेलंय, घाबरू नका. नवरा म्हणाला, झालं ते झालं. सासूबाई मात्र काहीच म्हणाल्या नाहीत, आणि ते न म्हणणंच सुनेच्या जिव्हारी लागलं होतं. त्या दिवसापासून तिनं औषधाच्या एकाही बाटलीचं बूच फिरवलेलं नव्हतं.

सासूबाईंनी सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत तेहतीस वर्षं काढली होती. तिथं त्यांना सगळे 'तीनदाबाई' म्हणायचे. बाहेर रांग लागलेली असो, कुणी काउंटरवर पैसे आपटो, बाटली उचलताना, ओतताना आणि ठेवताना वाचल्याशिवाय औषध खिडकीबाहेर जात नसे. एकदा एक आजोबा ओरडले होते, "अहो बाई, तुमचं वाचून होईपर्यंत माझा खोकला बरा झाला की!" सासूबाईंनी शांतपणे तिसऱ्यांदा वाचून मग उत्तर दिलं होतं, "मग औषध परत ठेवू का?" ही गोष्ट नवरा पाहुण्यांना अजून सांगत असे.

दुपारी ठकू झोपली. सासूबाई रोजच्यासारख्या खिडकीजवळच्या टेबलाशी बायबल उघडून बसल्या. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली, कोरी पट्टी ओळींखाली ठेवली. गेले नऊ दिवस त्यांचं बायबल त्याच पानावर उघडत होतं. सुनेनं हे मोजलं होतं, कारण ती स्वतः मागं पडली होती. तिच्या फोनवर वर्षभरात आख्खं बायबल वाचून संपवायचा तक्ता होता. रोज चार अध्याय, झाले की हिरवी खूण. ठकूला पाजताना, कुकरच्या शिट्ट्या ऐकताना ती अंगठ्यानं पानं वर सरकवत असे. पोर आजारी पडल्यापासून तर तिला वाटू लागलं होतं की एकही खूण चुकता कामा नये. चुकली तर काय होईल, हे तिनं स्वतःलासुद्धा विचारलं नव्हतं.

"झाले का आजचे?" सासूबाईंनी विचारलं.

"तीन झाले. एक राहिलाय."

"काय होतं तीनात?"

सुनेनं फोनकडे बघितलं. पडदा काळा झाला होता.

"वाळवंट होतं," ती म्हणाली.

"वाळवंट बरंच आहे त्यात," सासूबाई म्हणाल्या आणि मग दोघींनाही हसू आवरेना. झोपलेल्या पोरीसाठी तोंडावर पदर नि ओढणी दाबून दोघी हसल्या.

हसू ओसरल्यावर सून म्हणाली, "तुम्ही नऊ दिवस एकच पान वाचताय. कंटाळा येत नाही?"

"खिडकीत बसून लागलेली सवय आहे. एकदा वाचून माझा विश्वासच बसत नाही. कागदावर नाही, माझ्यावर." त्यांनी शेजारची खुर्ची पायानं पुढं सरकवली. "बस. पहिल्यांदा वाचायचं ते फक्त काय लिहिलंय त्याच्यासाठी. दुसऱ्यांदा कुणासाठी लिहिलंय ते बघायचं. बाटलीवर नाव असतं ना पेशंटचं, तसं. आणि तिसऱ्यांदा, बाटली ठेवताना…"

"तेव्हा काय?"

"तेव्हा आपण काय समजून चाललो होतो ते कळतं."

सून बसली. त्या पानावर घरातून घालवून दिलेल्या एका दासीची गोष्ट होती. भाकरी आणि पाण्याची एक पखाल एवढंच तिच्या खांद्यावर देऊन मालकानं तिला लेकरासकट वाटेला लावलेलं. रानात भटकता भटकता पाणी संपतं. मग ती लेकराला एका झुडपाखाली टाकते आणि त्याचं मरण डोळ्यांनी बघायला नको म्हणून बाण जाऊन पडेल इतक्या अंतरावर जाऊन बसते, आणि मोठ्यानं रडते.

गोष्ट सुनेला ठाऊक होती. रविवारच्या शाळेत तिनं या गोष्टीचं चित्रही रंगवलं होतं, झुडूप हिरवं, रेती पिवळी. पण पट्टी एकेका ओळीखाली सरकत गेली तशी ती पानावर अधिकाधिक वाकत गेली.

"मी नसते गेले," ती एकदम म्हणाली. "आई कशी जाईल टाकून?"

"तू काय केलं असतंस ते नंतर," सासूबाई म्हणाल्या. "लिहिलंय काय, ते सांग."

"गेली. लांब जाऊन बसली."

"हं. आज एवढंच पुरे."

ओळींच्या कडेला समासात पेन्सिलीचे बारीक ठिपके होते, वीसेक तरी. एका ठिपक्यापाशी काहीतरी लिहिलेलं, झिजून फिकट झालेलं.

"हे काय आहे?"

"जुनं आहे," सासूबाईंनी पट्टी तिथंच ठेवून पुस्तक मिटलं.

मंगळवारी सुनेनं फोन हातातच घेतला नाही. ठकू झोपल्याबरोबर ती आपण होऊन टेबलाशी आली. दुसऱ्यांदा वाचताना तिनं बोट ठेवून वाचलं, लहानपणी वाचत असे तसं. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली, वर गेली, पुन्हा खाली आली.

"आई, एक विचारू? इथं रडतेय ती आईच ना?"

"हो."

"मग देवानं मुलाचा आवाज ऐकला असं कसं लिहिलंय? मूल रडल्याचं तर कुठंच नाही."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावून सुनेकडे बघितलं, जणू इतके दिवस घरात वावरणारं कुणी आज नीट दिसलं.

"हे मला दिसायला चार वर्षं लागली होती," त्या म्हणाल्या.

कॉलेजात सुनेला बक्षिसं मिळाली होती, पण असं कुणी कधी बघितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती ओळ तिच्या डोक्यात घोळत राहिली. आईला वाटत होतं की रडणं तिचं एकटीचंच आहे, ऐकणारं कुणी नाही. आणि तिकडं, बाणाच्या अंतरावर, जे रडताना कुणाला ऐकूच आलं नव्हतं त्याचं ऐकलं जात होतं.

रात्रीची जेवणं चालली होती. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. दिवसभर कुणाच्या तरी इमारतीत अडकलेल्यांना बाहेर काढून आला की त्याला बोलायचं भरतं येई.

"ठकूच्या पहिल्या वाढदिवसाला निदान केक तरी होता," तो म्हणाला. "माझा पहिला वाढदिवस दवाखान्यातल्या खाटेवर झालाय, माहितेय? फोटोपण नाही. आई म्हणते पोट बिघडलं होतं. काय खाल्लं होतं मी, आई?"

"जेव," सासूबाई म्हणाल्या. "बोलण्यानं पोट भरत नाही."

बुधवारी सासूबाईंची बॅग पलंगावर उघडी होती. लेकीच्या बाळासाठी शिवलेली झबली त्या एकेक करून घडी घालून ठेवत होत्या. अकराच्या सुमारास ठकू खेळता खेळता गप्प झाली आणि आईच्या मांडीवर येऊन पडली. सुनेनं तिच्या मानेला हात लावला. हात तसाच राहिला. तापमापक काढून लावलं तेव्हा पारा एकशे दोनाच्या पुढं गेलेला.

"आई, ताप आहे हिला."

सासूबाई बॅगेपासून उठल्या. आल्या, पोरीच्या कपाळाला हात लावून बघितला, पोटरी दाबून बघितली. मग वळल्या आणि फळीकडे न जाता खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या बसल्या. हातात एक झबलं तेवढं घेतलं.

"आई?"

"मी आहे इथं."

"तुम्ही द्या ना औषध. उद्यापासून देईन मी. खरंच."

"उद्या मी गाडीत असेन. आज मी इथं आहे."

"माझ्याच्यानं नाही होणार."

"वाच," सासूबाई म्हणाल्या. मागं वळून न बघता म्हणाल्या. त्यांच्या हातांनी झबल्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

ठकूला कडेवर घेऊन सून फळीपाशी गेली. दोन्ही खोकी शेजारी शेजारी होती, दोन्हींवर ते हसरं बाळ. फोन वाजू लागला. तिनं तो उचलला नाही. आधी तिनं पोरीला खाली गादीवर ठेवलं, दोन उशांच्या मध्ये. ठकू कुरकुरली. सुनेचे दोन्ही हात मोकळे झाले.

तिनं एक बाटली उचलली आणि वाचलं. ओठांतल्या ओठांत नव्हे, मोठ्यानं. औषधाचं नाव वाचलं, एका चमच्यात किती ते वाचलं, तारीख वाचली. आवाज चिरकला, पण शेवटपर्यंत गेला. माप घेतलं. डॉक्टरांनी कागदावर वजनाप्रमाणे लिहून दिलेला आकडा बघितला. औषध ओतताना ते रेघेशी आलं तेव्हा तिनं माप डोळ्यांच्या उंचीवर धरून पुन्हा वाचलं. खिडकीपाशी झबल्याची घडी घालणारे हातही थांबले होते.

ठकूनं औषध घेतलं आणि नेहमीसारखं निम्मं चाटलं.

बूच लावून बाटली फळीवर ठेवताना सुनेनं तिसऱ्यांदा वाचलं. तेच नाव होतं, तोच आकडा होता. बाटली ठेवली तरी तिची बोटं थोडा वेळ तिच्यावरच होती.

तासाभरात पोरीचं अंग घामेजलं आणि ती झोपली. सून टेबलाशी येऊन बसली. तिसरं वाचन राहिलंच होतं. तिनं पट्टी काढली आणि सावकाश वाचायला सुरुवात केली. दासी रडते. आवाज येतो. ऊठ, मुलाला उचल, हातात धर, असं तिला सांगितलं जातं. मग तिचे डोळे उघडतात आणि तिला विहीर दिसते. ती जाऊन पखाल भरते आणि मुलाला पाणी पाजते.

सून थांबली. तिला आजवर वाटत आलं होतं की पाणी देवानं पाजलं. रंगवलेल्या चित्रातसुद्धा वरून एक हात आलेला होता, तिनं तो सोनेरी रंगानं भरला होता. इथं तसं काही नव्हतं. विहीर नवी खणल्याचंही लिहिलेलं नव्हतं. जिनं लेकराला झुडपाखाली टाकलं, तिलाच ते उचलायला सांगितलं होतं. तिच्याच हातानं ते पाणी प्यालं होतं. दुसरं कुणी बोलावलेलं नव्हतं.

या ओळीच्या कडेला ते झिजलेलं अक्षर होतं. तिनं पुस्तक खिडकीच्या उजेडाकडे थोडं तिरकं केलं. पेन्सिलीनं घातलेली तारीख होती, बत्तीस वर्षांपूर्वीची. दिवस आणि महिना तिला पाठ होते. दरवर्षी त्या दिवशी ती नवऱ्यासाठी शर्ट आणत असे.

तिनं मनातल्या मनात वजाबाकी केली: त्या दिवशी तो एक वर्षाचा झाला होता, दवाखान्यातल्या खाटेवर. मग पुन्हा केली. आणि तिसऱ्यांदा तिनं नुसतं त्या तारखेकडे बघितलं.

खोलीत ठकूच्या श्वासाचा आवाज होता. सासूबाई बॅगेची चेन लावत होत्या. ती मध्येच अडली होती आणि त्या ती हळूहळू मागंपुढं करत होत्या. त्यांची पाठ, वाकलेली मान, अंबाड्यातली ती आखूड झालेली पेन्सिल, हे सगळं सुनेनं रोज बघितलं होतं. गेले तीन आठवडे त्या काहीच का बोलल्या नव्हत्या, हे विचारायला तिनं तोंड उघडलं.

"आई," ती म्हणाली, "पेन्सिल देता?"

चेनीवरचा हात थांबला.

"कशाला?"

"आजची तारीख घालते."

मग सासूबाईंनी, तशाच पाठमोऱ्या, अंबाड्यातून पेन्सिल काढली आणि हात मागं करून धरली. सुनेनं ती घेतली तेव्हा त्यांची बोटं जरा उशिरानं सुटली.

"हलक्या हातानं लिही," त्या म्हणाल्या. "कागद पातळ आहे."