काळी चाळीशी

कार्डावरची सहावी ओळ स्वच्छ होती, सातवी नेटानं पाहिल्यावर जागेवर येत होती, आठवी... ती होती, एवढंच म्हणता येत होतं. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या तळाशी एक राखाडी रेघ, कुणी पेन्सिलीनं ओढून बोटानं पुसल्यासारखी. अपूर्वानं कार्ड जरा लांब धरलं. मग आणखी जरा. हात कोपरात सरळ झाला तेव्हा रेघेची अक्षरं झाली, आणि त्याच वेळी तिच्या लक्षात आलं की समोर बसलेले बाळासो कार्डाकडे बघतच नाहीत. ते तिच्या कोपराकडे बघताहेत.

"हात पुरंना झाला की चाळीशी लागली म्हणायचं," बाळासो म्हणाले. "डोळ्याला काय झाल्यालं न्हाय, ताई. वय झालंय फक्त."

मागं स्टुलावर बसलेली अक्काताई हसली. आईचं हसणं पाठीला कळतं. अपूर्वानं कार्ड काउंटरवर पालथं ठेवलं.

चाळीशी. किती सरळ शब्द — वय आणि चष्मा दोन्हींना एकच, वेगळं करायची कुणाला गरजच वाटली नाही. गेले अकरा महिने ती हा शब्द मनात आला की दुसऱ्या कशाचा तरी विचार करायची. बावीस वर्षं विमान चालवणारी, त्यातली बारा वर्षं डाव्या, कॅप्टनच्या सीटवर बसणारी बाई एका शब्दाला वळसा घालून जात होती — आणि तो शब्द या दुकानात, साठी उलटलेल्या एका चष्मेवाल्यानं, चहाचा कप बाजूला सारताना सहज उच्चारला होता.

कारण डोळे हे तिच्या एकटीचे नव्हतेच. ते मगदुमांच्या घराचे होते. कोडोलीहून कोल्हापूरला एसटीनं येताना वडील, आप्पासो, तिला खिडकीशी बसवायचे आणि समोरून येणाऱ्या गाडीची पाटी वाचायला लावायचे. गाडी अजून काडेपेटीएवढी असताना ती वाचायची — मलकापूर, बांबवडे, वारणानगर — आणि आप्पा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचे, बघा पावणं, आमच्या अपूचे डोळे घारीचे हाईत. त्यांच्या खताच्या दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांना ते ठाऊक होतं. आईच्या सुईत दोरा तिनं ओवायचा. एकोणिसाव्या वर्षी वैमानिकाच्या तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरांनी तक्ता दोनदा वाचून घेतला होता, खात्रीसाठी नव्हे, नुसतं ऐकायला. इंग्रजी कच्चं, गणित बेताचं, उंची कशीबशी भरलेली... पण डोळे. बाकी सगळं मागून मिळवावं लागलं, डोळे तेवढे आधीपासून होते. आणि कुठेतरी आत तिनं धरून ठेवलं होतं की ती उडते ती डोळ्यांच्या जोरावर. मग डोळे गेले तर?

गेले नाहीत. लांबचं अजून तसंच दिसतं. मला लांबचं सगळं दिसतं.

"मग दाखवू काळ्या काचा?" बाळासोंनी ट्रे काढला. "ह्या पोलराइज्ड. चकाकी मारत्यात. हायवेचे सगळे डायवर हेच नेत्यात."

"ते चालत नाही आम्हाला," अपूर्वा म्हणाली. तिनं ट्रेमधला एक चष्मा उचलला, आपला मोबाइल चालू केला आणि काचेसमोर हळूहळू आडवा फिरवला. पडदा एका ठिकाणी काळा झाला. फोन बंद पडल्यासारखा. "आमच्या पुढ्यात असेच पाच-सहा पडदे असतात. मान जरा तिरकी झाली की सगळं गेलं."

बाळासोंनी तिच्या हातातून दोन्ही घेतलं आणि स्वतः फिरवून पाहिलं. परत फिरवलं. "चाळीस वर्षं विकतोय," ते म्हणाले, "पर हे कुणी दाखवलं नव्हतं मला." त्यांनी तो ट्रे आत सरकवला, आणि खुर्ची पुढं ओढून, आता खरं काम सुरू झाल्यासारखे बसले. "बरं, मग सांगा. तुमी किती लांबनं बघतासा?"

"म्हणजे?"

"म्हंजे असं — गुजरीतल्या सोनाराला मी चाळीशी देतो ती एवढ्यासाठी." त्यांनी छातीपासून वीतभर अंतर दाखवलं. "शिंप्याला त्याहून लांबची. पेटी वाजवणाऱ्याला आणखी लांबची. ज्याचं त्याचं अंतर असतंय. विमानवाल्याचं मला ठाऊक न्हाय. पयल्यांदाच आलंय गिऱ्हाईक."

अंतर. ती उत्तर द्यायला गेली आणि तीन आठवड्यांपूर्वीची संध्याकाळ मध्ये आली... पूर्वेकडून कोल्हापूरला उतरताना सूर्य अगदी समोर, नाकासमोर, धावपट्टीच्या टोकावर ठेवल्यासारखा. डोळ्यांवर साधा काळा चष्मा. मांडीशी टॅब्लेटवर उतरण्याचा नकाशा. एरवी ती दोन बोटांनी नकाशा मोठा करायची — सगळेच करतात, त्यात काय — अकरा महिने ती तेच स्वतःला सांगत आली होती. त्या दिवशी हात मोकळा नव्हता. उतरताना जिच्या खाली धावपट्टी दिसल्याशिवाय जायचं नाही ती उंची तिनं नकाशावरून मोठ्यानं वाचली: तेवीसशे तीस. शेजारच्या सीटवरचा राजवीर, सव्वीस वर्षांचा, तिच्या हाताखाली शिकलेला, नकाशाकडे एकदा बघून अगदी हळू म्हणाला, "मॅम, ट्वेंटी-थ्री एटी." तीन नव्हता, आठ होता. पन्नास फुटांचा फरक. आभाळ निरभ्र होतं, धावपट्टी दहा मैलांवरून दिसत होती, कशालाच धक्का लागला नसता. विमान नेहमीपेक्षाही अलगद टेकलं. पण त्याच्या त्या वाक्यावर तिनं काय म्हटलं होतं?

"करेक्ट," म्हटलं होतं. परीक्षा घेत असल्यासारखं. आणि तो पोरगा बिचारा खूश झाला होता.

आकडा चुकला ते नव्हतं रुतलेलं. हे रुतलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात वार्षिक तपासणी होती. जवळचं वाचायचा तक्ता पुढं येण्याआधीच तिनं डॉक्टरांना सांगून टाकलं — मला जवळचं दिसत नाही. एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागलं. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, कधीपासून, आणि प्रमाणपत्रावर एक ओळ लिहिली: उड्डाणावर असताना जवळचा चष्मा हाताशी ठेवावा. बस. ज्याच्या भीतीनं अकरा महिने जेवण गोड लागलं नव्हतं ती गोष्ट एका ओळीत मावली. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं, की आपल्याला कुणी मोजलंच नाही.

"ताई? अंतर?"

"सांगते," ती म्हणाली. आणि सांगता येईना. सेंटिमीटर तिला ठाऊकच नव्हते. "मला जरा बसू द्या नीट."

तिनं खुर्ची मागं घेतली, पाठ ताठ केली, पाय पुढं सोडले आणि डोळे मिटले. मग उजवा हात पुढं गेला, आपण होऊन, आणि हवेत एका जागी थांबला. "इथं. पुढचे पडदे." बाळासोंनी गळ्यातली टेप काढून तिच्या डोळ्याच्या कडेपासून बोटापर्यंत धरली. "पंचाहत्तर." हात खाली आला, मांडीच्या डाव्या बाजूला. "इथं नकाशा." "पंचेचाळीस." हात दोन सीटच्या मधोमध सरकला, इंजिनांचे दोन दांडे पुढं ढकलल्यासारखा, आणि मग वर गेला, डोक्याच्याही वर, आणि तिथं बोटं एकेका बटणावर टेकत चालली — इंधन, बर्फ वितळवायचं, आतले दिवे, बाहेरचे दिवे — कुठेही न चाचपडता, एकाला दुसऱ्याचा धक्का न लावता. बाळासो स्टुलावर चढले. टेप धरून तिच्या बोटामागं फिरू लागले. मिटल्या डोळ्यांपुढं ती सगळी जागा उभी होती, तिच्या वासासकट, गुडघ्याला लागणाऱ्या त्या एका कोपऱ्यासकट. बावीस वर्षं ती ज्यांच्या जोरावर उडते असं समजत होती ते डोळे बंद होते आणि विमान तर पुरतं इथंच होतं, तिच्या खांद्यात, मनगटात, बोटांच्या पेरांत... हे कधी शिकले मी? कुणी दिलं नव्हतं हे. हे आप्पांनी एसटीत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन तिच्या हाताकडे बघत उभी होती.

"वर बी जवळचंच काम हाय," बाळासो स्टुलावरून उतरत म्हणाले. "साध्या चाळीशीला खालीच नंबर असतोय. तुमाला वरच्या बाजूलाबी एक चकती पायजे. अशी मी एकदाच केलीया, मेडिकलच्या दुकानवाल्याला — त्याला वरच्या फळीवरची नावं दिसंनात. काच मुंबईस्नं येईल. आठ दिवस."

"आणि रंग?"

"तुमी सांगा."

"राखाडी. लाल लाल दिसलं पाहिजे, हिरवं हिरवं. फार गडद नको. आणि काड्या बारीक. वर हेडफोन बसतो, तासाभरात कानामागं रुततात."

"गडद नकोच. काळ्या काचेमागं बाहुली मोठी हुती, मग जवळचं आणखी फिसकटतंय. उन्हात काळा चष्मा घातला की तुमाला जास्त तरास व्हत असंल."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. अकरा महिन्यांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं कुणाला विचारलंच नव्हतं.

"मला हे उन्हात बघायचंय," ती म्हणाली. "समोर सूर्य असताना."

दुकानाचं तोंड पश्चिमेला होतं. बाळासोंनी तपासणीच्या जाड गोल चौकटीत वर-खाली काचा बसवल्या, वरून राखाडी काच चिकटपट्टीनं लावली, आणि खुर्ची फुटपाथवर मांडली. सूर्य समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीला टेकायला आला होता. अक्काताई आपला स्टूल उचलून शेजारी, उजव्या हाताला येऊन बसली.

"आई, तू कशाला? तुझी जेवायची वेळ झाली. दिवस बुडेल. रिक्षा करून देते."

दिवस मावळल्यावर अक्काताई पाण्याशिवाय काही घेत नसे, लग्नाआधीपासूनचा नेम. तिनं पदरानं चष्मा पुसला. "मी बसतो हितं," ती कोल्हापूरच्या बायकांच्या तऱ्हेनं म्हणाली. "तू वाच. बरोबर हाय का मी बघतो."

बाळासोंनी डोळ्यांच्या औषधाचं एक खोकं अक्काताईच्या हाती दिलं, बारीक छपाईचं. ते तिनं अपूर्वाच्या मांडीशी धरलं. अपूर्वानं आधी समोर पाहिलं — थेट सूर्याच्या बाजूला — आणि डोळे आक्रसले नाहीत. रस्त्याच्या टोकाशी वळणाऱ्या केएमटी बसची पाटी वाचता आली, गंगावेश. मग नजर खाली. खोक्यावर काळ्या मुंगळ्यांची रांग नव्हती, अक्षरं होती. तिनं वाचायला सुरुवात केली, वरपासून, एकेक आकडा सुटा: बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदत. अक्काताई बोट फिरवत होती.

"तीन म्हणालीस. आठ हाय की तो."

अपूर्वाचं वाचन तिथंच थांबलं. तिनं पुन्हा पाहिलं. सावकाश पाहिलं. तीनच होता, उघड्या तोंडाचा, स्वच्छ तीन.

"तीन आहे, आई."

अक्काताईनं खोकं नाकाशी नेलं, लांब नेलं, पुन्हा नाकाशी आणलं. "व्हय की. तीनच हाय. चुकलं माझं," ती म्हणाली. "हं, म्होरं वाच."

आणि खोकं परत मांडीशी आलं. एवढंच. तिच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. तिला त्या चुकीचं ओझं झालं नाही, त्या चुकीनं ती कुठे कमीही झाली नाही. अपूर्वा तिच्याकडे बघत राहिली... बहात्तर वर्षांची बाई, फुटपाथवर स्टुलावर, सूर्य टाकीमागं उतरत असताना जेवण सोडून आकडे तपासत बसलेली. मग तिनं पुढं वाचलं. शेवटची ओळ वाचली. तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. मान मागं टाकून वर पाहिलं — दुकानाच्या पत्र्याखाली वायरमननं लावलेलं मीटर, त्याच्यावरचा शिक्का — तोही वाचला. मोठ्यानं. आत कुठेतरी काहीतरी इतक्या जोरानं वर येत होतं की तिला आवाज सांभाळावा लागला. विमान जमीन सोडतं त्या वेळी आसनातून पाठीला जो रेटा बसतो, तसं काही.

"नंबर बसला," बाळासो म्हणाले. चौकट काढून घेताना त्यांनी तिच्या काना-नाकाची मापं वहीत लिहिली आणि वर नावाच्या जागी 'विमान' असं लिहिलं.

काळी चाळीशी आठ दिवसांनी येणार होती. सोमवारचं उड्डाण चार दिवसांवर, राजवीरबरोबर. तोवर साधी, पांढरी चाळीशी; अर्ध्या तासात बाळासोंनी ती तयार करून डबीत घालून दिली. म्हणजे सोमवारी ती त्याच्या देखत पर्समधून काढावी लागणार, नाकावर चढवावी लागणार. तो बघणार. तो हुशार आहे. त्याला ती संध्याकाळ आठवणार.

स्कूटरवर मागं बसताना अक्काताईनं तिच्या खांद्याला धरलं. दिवे लागले होते.

"आई, तुझा उपास घडला."

"घडू दे. उद्या सकाळी दोन भाकरी जास्त खाईन."

दसरा चौकात सिग्नल लाल होता, लाललाल. अपूर्वा पाय टेकून थांबली. पासष्टाव्या वर्षीच्या निवृत्तीला अजून एकवीस वर्षं होती. हा आकडा तिनं गेल्या अकरा महिन्यांत एकदाही मोजला नव्हता, आणि आता तो एकाएकी जेवणाच्या भरल्या ताटासारखा समोर आला. राजवीरला काय सांगायचं? विमानात बसण्याआधी, का उतरल्यावर? तो हसेल, का गप्प राहील, का यापुढं तिच्या प्रत्येक आकड्याकडे दोनदा पाहील — पाहू दे, त्यासाठीच तर शेजारची ती सीट असते. त्या दिवशी, राजवीर... असं सुरू करावं. नको. तुझं बरोबर होतं आणि मी... तिनं वाक्य मनात एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून धरून पाहिलं. नेमके शब्द अजून सापडत नव्हते. सोमवारला अजून चार दिवस होते, आणि सांगायची घाई झालेल्या तिला ते चार दिवस फार वाटले.