एक जूनचा दाखला

मी शाळा सोडल्याचा दाखला बोलतोय. आटपाडीच्या एका हायस्कुलातला, दोन हजार पाच सालचा. मला प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलंय, तरी मधोमध एक घडी पडलीच आहे. माझ्यावर क्रांतीचं नाव आहे, 'वर्तणूक चांगली' असा शेरा आहे आणि जन्मतारीख आहे : १ जून १९८९. ही तारीख सोडली तर माझ्यावरचं सगळं खरं आहे.

आमच्या भागात एक जूनला जन्मलेली माणसं इतकी आहेत, की त्या दिवशी घरोघर पाळणे हलले असतील असं परक्याला वाटावं. तसं काही नाही. ती तारीख गुरुजींची. पहिलीत बसायला सहा वर्षं पूर्ण लागायची. चार-सहा महिने कमी पडले, की गुरुजी एक जून टाकून मोकळे होत.

क्रांतीचा खरा जन्म ऑक्टोबरातला, दसऱ्यानंतरचा. तिचे वडील मानसिंग, म्हणजे आबा, तेव्हा फौजेत होते. सुट्टी संपत आली होती, पण जायच्या आधी लेकीला स्वतः शाळेत घालायचं, हा त्यांचा हट्ट.

"चार महिनं कमी पडत्यात," गुरुजी म्हणाले.

"मग टाका की तुमची तारीख. पोरगी हुशार हाय, वरीस कशाला वाया घालवायचं?"

तीच तारीख रजिस्टरातून पुढे माझ्यावर उतरली.

पोरगी खरंच हुशार निघाली. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो मालवणला, कॉलेजच्या सहलीत. बाकीच्या पोरी लाटांत खेळत होत्या आणि ही सरांना विचारत होती, याचा तळ किती खोल आहे. सरांना सांगता आलं नाही. मग तिने समुद्रविज्ञानच शिकायला घेतलं, पीएच.डी. केली आणि किनाऱ्यावरच्या एका सरकारी संस्थेत लागली. कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर, आणि प्रत्येक ऑर्डरला माझी झेरॉक्स.

एकदा मी जहाजावरही गेलो. बंदराला लागताच कागद दाखवायचे होते, म्हणून तिने मला बरोबर घेतलं होतं. बाटल्यांचा सांगाडा तारेला बांधून चार किलोमीटर खाली सोडायचे. जायला-यायला तीन तास. वर डेक तापलेला असायचा आणि बाटल्यांतलं पाणी इतकं गार, की तिची बोटं बधीर व्हायची. त्या पाण्यात प्राणवायू किती, ते ती मोजायची. दर वर्षी त्याच जागी. अशी वीस वर्षं मोजली तर समुद्र कसा बदलतोय ते कळतं म्हणे. काम वीस वर्षांचं आणि नोकरी अकरा महिन्यांची, हे माणसांनाच सुचू जाणे.

ती घरी फोन करायची. "आबा, ह्ये पाणी शेकडो वर्षांत वर आलेलं न्हाई."

"मग आण की एक बाटली घरी," आबा म्हणायचे आणि खुशीत हसायचे.

कायम जागेची जाहिरात आली ती नऊ वर्षांनी, दोन हजार चोवीसमध्ये. वयोमर्यादा पस्तीस, एकतीस जुलैला मोजायची. माझ्या हिशेबाने क्रांतीला पस्तीस उलटून दोन महिने झाले होते. तिच्या आईच्या हिशेबाने ती चौतीसचीच होती. फॉर्मने माझं ऐकलं.

ती रजा टाकून आटपाडीला आली. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद सापडली : १७ ऑक्टोबर. ती घेऊन शाळेत गेली. तिथले क्लार्क नानासो भला माणूस. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही कागद वाचले.

"ताई, शाळंत हुता तवर बदलता आलं असतं. आता दहावीच्या सर्टिफिकेटावर बी ह्येच हाय."

"पण खरी नोंद हाय की माझ्याकडं."

"हाय वो. पर ती कोन धरत न्हाई."

संस्थेनेही तेच कळवलं. शाळेच्या पायरीवर बसून तिने मला मांडीवर घेतलं. आता फाडते, असं मला वाटलं. फाडलं असतं तर सुटलो असतो. तिने फक्त तारखेवरून बोट फिरवलं आणि मला परत फोल्डरमध्ये सरकवलं.

पुढच्या मार्चमध्ये तिचा प्रकल्पच बंद झाला. त्या जागेचं पाणी आता कोणी मोजत नाही. क्रांती शिरवळच्या एका कारखान्यात सांडपाणी तपासते. वय मागे जात नाही, त्यामुळे पुढच्या जाहिरातीत तिच्यासाठी काही नाही. हे तिला माहीत आहे आणि मला. आबांना तिने एवढंच सांगितलंय, की जागा कमी होत्या. ते रोज पेपरात जाहिरात शोधतात.

परवा रविवारी त्यांचे मित्र बशीरभाई चहाला आले होते. आबांनी मला फोल्डरमधून काढून त्यांच्या हातात दिलं.

"ह्यो बघ, बशीर. मी तवा सुट्टीवर नसतो, तर पोरीचं एक वरीस गेलं असतं. जन्मात येवढं एक काम नीट केलं बघ."

क्रांती चहाचे कप घेऊन उभी होती.

"व्हय आबा," ती म्हणाली. "तुमी हुता म्हणून."

तुम्ही कधी आटपाडीला आलात, तर आबा मला तुमच्याही हातात देतील. तारीख वाचा, छान आहे म्हणा आणि मला गुमान परत द्या.