बापाचं गाऱ्हाणं

घरातल्या एकेकाचं नाव घेऊन गणपतीला गाऱ्हाणं घालावं ते म्हाताऱ्या धाकूनेच. जयवंतला ते कधी जमलं नाही, म्हणून त्याने नवाकोरा टेपरेकॉर्डर आणून बापाचा आवाज कॅसेटमध्ये भरून घेतला. शिमग्याला म्हातारा गेला.

यंदा वाकोल्याच्या खोलीत गणपतीपुढे सगळे हात जोडून उभे राहिले. जयवंतने बटण दाबलं. डिस्को वाजायला लागला.

जयवंत धाकट्या भावावर धावला. "चंदू, भडव्या, ह्याच कॅसेटवर गाणी भरलीस?"

"मला काय माहीत? वर नाव लिहायचंस ना!"

जयवंतने कॅसेट पुढे पळवली. गाणी संपल्यावर शेवटी एवढंच उरलं होतं, "...सगळ्यांका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे सवयीने ओरडले. चंदूचा आवाज सगळ्यात मोठा.

बापाने घेतलेलं एकही नाव कॅसेटवर नव्हतं.